नाव, यादी आणि नकाशा : भारताच्या संविधानात आदिवासी कुठे आहेत?

२००१ च्या जनगणनेत गोव्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या ५६६ एवढी नोंदली गेली. दहा वर्षांनी, २०११ च्या जनगणनेत, तोच आकडा १,४९,२७५ झाला. ही वाढ बाहेरून येऊन वसलेल्या लोकांमुळे झाली नव्हती. काणकोण, सांगे, केपे या तालुक्यांतले वेळीप, कुणबी आणि गावडा समाज पिढ्यान् पिढ्या तिथेच राहत होते, तीच शेती कसत होते आणि तेच देव पुजत होते. बदल घडला तो दिल्लीत. २००३ मध्ये संसदेच्या कायद्याने या तीन समाजांची नावे गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत आली आणि त्यानंतरच्या जनगणनेत ही माणसे ‘दिसू’ लागली.

एखाद्या देशाच्या संविधानाने तिथल्या आदिम रहिवाशांना ओळख देणे म्हणजे काय, हे समजून घेताना हे दोन आकडे समोर ठेवणे मला उपयोगी वाटते. ओळख म्हटली की प्रास्ताविकेतले एखादे गौरवाचे वाक्य डोळ्यांपुढे येते. भारताच्या संविधानात असे वाक्य नाही. इतकेच नव्हे, तर ‘आदिवासी’ हा शब्दच त्यात नाही. तरीही आदिवासींविषयी इतक्या तपशिलाने लिहिलेली संविधाने जगात थोडीच असतील. आपल्या संविधानाने ही ओळख दोन वाटांनी दिली. पहिली वाट यादीची आहे, म्हणजे कोणते समाज. दुसरी नकाशाची आहे, म्हणजे कोणता प्रदेश. या दोन वाटा वेगळ्या आहेत, त्यांचे फायदे वेगळे आहेत आणि एका वाटेवर असलेला माणूस दुसरीवर असेलच असे नाही. आरक्षण, पेसा (आदिवासी क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा कायदा), वनहक्क यांविषयीच्या आपल्याकडच्या चर्चेतला बराचसा गोंधळ हा फरक लक्षात न घेतल्याने होतो.

आधी नावाचा प्रश्न पाहू. १९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर बोलायला जयपाल सिंह मुंडा उभे राहिले. छोटा नागपूरच्या मुंडा समाजातले, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले आणि १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाचे कर्णधार राहिलेले हे गृहस्थ सभागृहात स्वतःचा उल्लेख ‘जंगली’ असा करत होते, कारण बाहेरचे लोक आपल्या माणसांना याच नावाने ओळखतात हे त्यांना माहीत होते. आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, लोकशाहीची रीत त्यांच्याकडूनच शिकावी लागेल, असे त्यांनी त्या भाषणात ठामपणे सांगितले. पुढे १९४८ मध्ये मसुद्यावर चर्चा सुरू असताना त्यांनी मागणी केली की ‘शेड्यूल्ड ट्राइब्ज’चे भाषांतर ‘आदिवासी’ असेच करावे. भाषांतर समित्यांनी ‘वनजाती’सारखे शब्द वापरले होते आणि त्यांत रानटीपणाचा वास येतो, असे त्यांचे म्हणणे होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी यावर दिलेले उत्तर नीट समजून घ्यायला हवे. ‘आदिवासी’ हा सर्वसाधारण शब्द आहे, त्याला कायद्याने ठरवलेला नेमका अर्थ नाही, असे त्यांनी सांगितले. ‘अस्पृश्य’ या शब्दाचीही तीच अडचण होती. त्यात कोणीही कोणालाही घालू शकेल. म्हणून १९३५ च्या कायद्यात जातींची नावे एकेक करून मोजावी लागली आणि ‘अनुसूचित’ हा प्रकार जन्माला आला. जो हक्क न्यायालयात मागायचा आहे, तो कोणाचा आहे हे नक्की असले पाहिजे, ही वकिलाची दृष्टी त्यामागे होती. जयपाल सिंहांना प्रतिष्ठेचे नाव हवे होते. आंबेडकरांना न्यायालयात टिकेल असे नाव हवे होते. दोघांच्याही भूमिकेत तथ्य होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पारडे दुसऱ्या बाजूला झुकले आणि त्या दिवसापासून आदिवासी माणूस बोलताना आदिवासी आणि दाखल्यावर अनुसूचित जमातीचा झाला.

आता यादी कशी चालते ते पाहू. अनुच्छेद ३६६ मधली व्याख्या एका अर्थाने वर्तुळासारखी आहे: अनुच्छेद ३४२ खाली ज्यांना अनुसूचित जमाती मानले आहे, त्या अनुसूचित जमाती. जमात म्हणजे काय, आदिम म्हणजे काय, किती पिढ्या कुठे राहिल्यावर माणूस मूळचा ठरतो, याबद्दल संविधान काहीच बोलत नाही. राष्ट्रपतींनी राज्यपालांचा सल्ला घेऊन प्रत्येक राज्यासाठी यादी जाहीर करायची. अशी पहिली यादी १९५० च्या आदेशाने आली. एकदा यादी जाहीर झाली की तिच्यात नाव घालण्याचा किंवा वगळण्याचा अधिकार फक्त संसदेला उरतो. राज्य सरकार शिफारस करू शकते. त्यानंतर जनगणनेचे काम पाहणारे भारताचे महानिबंधक आणि अनुसूचित जमाती आयोग या दोघांचा होकार मिळावा लागतो आणि मग विधेयक येते.

यादी राज्यागणिक असल्यामुळे काय होते, याचे उदाहरण आपल्या सीमेवरच सापडते. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमाती आहे, कर्नाटकात अनुसूचित जाती आहे आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे. भाषा एक, देव एक, सोयरीक सीमेपलीकडे जाणारी, पण संविधानातली ओळख राज्याची हद्द ओलांडली की बदलते. याहून जुनी आणि जास्त त्रासदायक गोष्ट आता विस्मरणात गेली आहे. १९७६ च्या कायद्यापर्यंत कित्येक जमातींना ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्यता होती आणि त्या तालुक्याबाहेर राहणारे त्याच जमातीचे कुटुंब कागदोपत्री आदिवासी नव्हते.

एखाद्या समाजाला यादीत घ्यावे की नाही, यासाठी १९६५ च्या लोकूर समितीने पाच कसोट्या सांगितल्या: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलिप्तता, इतर समाजांशी मिसळण्यातला बुजरेपणा आणि मागासलेपणा. सरकारी विचारात या कसोट्या अजून जिवंत आहेत. त्या वाचताना मला दर वेळी अस्वस्थ वाटते, कारण पाचांपैकी निदान तीन कसोट्या त्या माणसाकडे बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसते एवढेच सांगतात. ज्याला बुजरेपणा म्हटले आहे, तो कदाचित सावकार, ठेकेदार आणि वनरक्षक यांच्या अनुभवातून आलेला शहाणपणाही असू शकतो.

यादीतल्या शब्दावर किती भार पडतो, हे महाराष्ट्राइतके कोणत्याही राज्याने अनुभवले नसेल. राज्याच्या यादीत ‘हलबा, हलबी’ आहेत; विदर्भातल्या विणकर कोष्टी समाजाच्या एका मोठ्या वर्गाचे म्हणणे होते की आम्ही ‘हलबा कोष्टी’ म्हणजे त्यांतलेच. २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निर्णय दिला की यादी जशी छापली आहे तशीच वाचायची. अमुक समाज तमुक जमातीचा पोटभाग आहे का, याचा शोध न्यायालयाने किंवा राज्य सरकारने घ्यायचा नाही. ‘धनगर’ आणि यादीतला ‘धनगड’ यांच्या वादातही उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये याचिका फेटाळल्या आणि यादीत फेरफार करणे न्यायालयाच्या हाती नाही हेच सूत्र कायम राहिले. एका अक्षरावर लाखो लोकांची आशा टांगलेली असते आणि त्याच अक्षरावर यादीतल्या मूळ जमातींची भीतीही टांगलेली असते, कारण यादी रुंदावली तरी शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या जागा तेवढ्याच राहतात.

समाजाचे नाव यादीत आहे, पण अमुक विद्यार्थी खरेच त्या समाजाचा आहे का? या प्रश्नासाठी तपासणी समित्या आहेत. त्यांच्यापुढे जाणे हा अनेक आदिवासी घरांतला कसोटीचा प्रसंग असतो. आधी कागद पाहिले जातात: आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली उतारा. १९५० पूर्वीची नोंद असेल तर तिचे वजन सर्वांत जास्त, कारण तेव्हा खोटी जात सांगून कोणाचा काही लाभ होणार नव्हता. शंका असेल तर दक्षता पथक घरी येते आणि विचारते: तुमचे कुलदैवत कोणते, लग्नात हळद कोण लावते, मयताचे दिवस कसे करता, सण कोणते, बोलीत अमुक गोष्टीला काय म्हणता. याला आप्तभाव चाचणी म्हणतात. १९९४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खोट्या दाव्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सगळी पद्धत घालून दिली. खोटे दाखले काढून खऱ्या आदिवासींच्या जागा बळकावण्याचे प्रकार इतके झाले होते की काहीतरी चाळणी हवीच होती. पण ज्याचे आईवडील नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला आले आणि जो चाळीत किंवा वसाहतीत वाढला, त्या मुलाला आजीच्या गावची लग्नगीते येत नाहीत म्हणून त्याचे आदिवासीपण संपते का? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. स्थलांतर आणि बदलते जीवन यांमुळे जुन्या चालीरीती पुसट होऊ शकतात आणि कागदोपत्री पुराव्याला त्याचे योग्य वजन दिले पाहिजे. या निकालाची बातमी फारशी गाजली नाही, पण ज्या घरांत दाव्याची फाईल वर्षानुवर्षे पडून होती, त्यांच्यासाठी तो फार महत्त्वाचा होता.

यादीच्या वाटेने मिळते काय? शिक्षणात आणि शासकीय नोकरीत आरक्षण मिळते आणि लोकसभेत व विधानसभेत राखीव जागा मिळतात. महाराष्ट्रात नंदुरबार, दिंडोरी, पालघर आणि गडचिरोली-चिमूर हे लोकसभेचे चार मतदारसंघ आणि विधानसभेचे २५ मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार देशात या जमातींची लोकसंख्या ८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९.३५ टक्के आहे. गोव्यात मात्र यादीत येऊन वीस वर्षे उलटली तरी विधानसभेच्या ४० पैकी एकही जागा राखीव नव्हती. त्यासाठीचे विधेयक संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केले. यादीत नाव येणे आणि त्या नावाने खुर्ची मिळणे यांत किती अंतर असू शकते, ते यावरून कळावे.

यादीतून मिळणारे हे सगळे हक्क एकेका माणसाचे किंवा फार तर एका मतदारसंघाचे आहेत. त्यांनी एक मुलगी डॉक्टर होऊ शकते, एक तरुण तहसीलदार होऊ शकतो आणि हे अजिबात कमी मोलाचे नाही. पण आदिवासींचा राज्यसत्तेशी असलेला जुना झगडा जमिनीचा, जंगलाचा आणि आपल्या गावाचा कारभार आपण करण्याचा आहे. त्याचे उत्तर संविधानाने दुसऱ्या वाटेवर, नकाशावर, ठेवले आहे.

हा नकाशा इंग्रजांनी काढायला सुरुवात केली. १९३५ च्या कायद्याखाली काही प्रदेश ‘वगळलेले’ आणि काही ‘अंशतः वगळलेले’ ठरवले गेले आणि तिथे प्रांतिक कायदे आपोआप लागू होत नसत. मुंबई प्रांतातल्या अंशतः वगळलेल्या भागांत अक्राणी महाल, नवापूर पेठा, पेठ, कळवण, मोखाडा, डहाणू ही नावे होती. आजच्या पेसा क्षेत्राच्या नकाशावर हीच नावे पुन्हा भेटतात. संविधान सभेने ठक्कर बाप्पांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीकडे आसामखेरीजच्या अशा भागांचा आणि गोपीनाथ बार्दोलोई यांच्या उपसमितीकडे आसामच्या डोंगराळ भागांचा अभ्यास सोपवला. या दोन अहवालांतून दोन वेगळ्या व्यवस्था जन्मल्या: ईशान्येबाहेरच्या भागांसाठी पाचवी अनुसूची आणि ईशान्येसाठी सहावी.

दोघींमधला फरक साध्या शब्दांत सांगायचा तर सहाव्या अनुसूचीत स्थानिक लोकांनी निवडलेली स्वायत्त जिल्हा परिषद असते आणि ती जमीन, वारसा, विवाह, गावचा न्याय अशा विषयांवर स्वतः कायदे करू शकते. आपल्याकडच्या जिल्हा परिषदेशी तिचा नावापुरताच सारखेपणा आहे. पाचव्या अनुसूचीत असा अधिकार लोकांना नाही, राज्यपालांना आहे. तो अधिकार छापील स्वरूपात पाहिला तर थक्क व्हायला होते. संसदेचा किंवा विधिमंडळाचा कोणताही कायदा अनुसूचित क्षेत्राला, म्हणजे या अनुसूचीखाली जाहीर झालेल्या प्रदेशाला, लागू होणार नाही, किंवा अमुक फेरफारांसह लागू होईल, असे राज्यपाल केवळ एका अधिसूचनेने ठरवू शकतात. आदिवासींच्या जमिनीचे हस्तांतरण रोखण्यासाठी आणि सावकारीवर बंधने घालण्यासाठी ते विनियम करू शकतात. त्याला राष्ट्रपतींची संमती लागते. या क्षेत्रांच्या कारभाराचा अहवाल राज्यपालांनी दर वर्षी राष्ट्रपतींना द्यायचा असतो.

आणि आदिवासींचा आवाज? त्यासाठी अनुसूचित क्षेत्र असलेल्या प्रत्येक राज्यात जनजाती सल्लागार परिषद आहे. तिच्यात जास्तीत जास्त वीस सदस्य असतात आणि त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश विधानसभेतले आदिवासी आमदार असतात. मूळ मसुद्यात या परिषदेच्या सल्ल्याला बरेच वजन होते. सप्टेंबर १९४९ मध्ये आलेल्या सुधारित मसुद्यात ते घटले आणि जयपाल सिंहांनी सभागृहात त्याबद्दलची नाराजी लपवली नाही. आज महाराष्ट्रात या परिषदेचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. ज्या सरकारला सल्ला द्यायचा, त्याच सरकारचा प्रमुख सल्ला देणाऱ्यांच्या बैठकीत अध्यक्षस्थानी बसतो, ही रचना मला पटत नाही.

इथे ऑस्ट्रेलियाशी थोडी तुलना करणे उपयोगी ठरेल. तिथल्या १९०१ च्या संविधानात मूळ रहिवाशांचा उल्लेख होता तो त्यांना वगळण्यासाठी. देशाची लोकसंख्या मोजताना त्यांना धरू नये, असे एक कलमच होते. १९६७ च्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी ते काढून टाकले, पण त्याच्या जागी काही आले नाही. मूळ रहिवाशांचे म्हणणे संसदेपुढे आणि सरकारपुढे मांडणारी एक सल्लागार संस्था संविधानात असावी, एवढ्याच मागणीसाठी १४ ऑक्टोबर २०२३ रोजी सार्वमत झाले आणि सुमारे साठ टक्के मतदारांनी ती नाकारली. सहापैकी एकाही राज्यात तिला बहुमत मिळाले नाही. जी सल्लागार संस्था तिथे इतक्या झगड्यानंतरही मिळाली नाही, तशा प्रकारची परिषद आपल्या संविधानात १९५० पासून आहे. सल्लागार संस्था मिळाल्यावर पुढे काय होते, याचा पाऊणशे वर्षांचा अनुभव आपल्यापाशी आहे आणि तो अभ्यासण्याजोगा आहे.

राज्यपालांच्या अधिकारांचा वापर कित्येक दशके फार थोडा झाला. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत तो झालेला दिसतो: २०२० मध्ये राज्यपालांनी, जंगलावरच्या हक्काचा दावा करू देणाऱ्या वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता बदल केला, त्यामुळे जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या दाव्यावर अपील करण्याची सोय झाली. दाव्याचा कागद हातात घेऊन परत आलेल्या माणसाला दुसरे दार मिळाले, हे एका अधिसूचनेने घडले. पण त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला मर्यादाही घातली. आंध्र प्रदेशात अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांतली शिक्षकांची सगळीच पदे स्थानिक आदिवासींसाठी राखीव ठेवण्यात आली होती. ते शंभर टक्के आरक्षण न्यायालयाने रद्द ठरवले. त्याचे पडसाद महाराष्ट्रातल्या पेसा क्षेत्रातील भरतीवरही उमटले.

१९९६ मध्ये या नकाशाला नवा अर्थ मिळाला. ७३ व्या घटनादुरुस्तीने देशभर पंचायत राज आले, पण अनुसूचित क्षेत्रांना ती जशीच्या तशी लागू करायची नाही असे त्याच दुरुस्तीत म्हटले होते. या क्षेत्रांसाठी दिलीपसिंह भुरिया समितीच्या शिफारशींवरून डिसेंबर १९९६ मध्ये वेगळा कायदा झाला. तोच पेसा. त्याच्या केंद्रस्थानी सरपंच किंवा ग्रामपंचायत नाही, ग्रामसभा आहे. गावाची व्याख्याही तिथे वेगळी आहे: जी वस्ती किंवा पाडा आपला कारभार आपल्या परंपरेप्रमाणे करतो, ते गाव. ज्याने जव्हार-मोखाड्याकडचे पाडे पाहिले आहेत, त्याला या वाक्याचे मोल लगेच कळेल. महसुली गाव एक असते आणि त्याचे सात-आठ पाडे दोन-दोन डोंगरांवर पसरलेले असतात. ग्रामपंचायतीची सभा मुख्य गावात भरते आणि लांबच्या पाड्यावरची बाई लेकरू कडेवर घेऊन तिथे पोचेपर्यंत ठराव झालेला असतो. महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या पेसा नियमांनी अशा पाड्याला स्वतःचा ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट दिली. ते झाले की त्याची स्वतःची ग्रामसभा असते आणि राज्याच्या आदिवासी उपयोजनेतल्या पाच टक्के अबंध निधीतला वाटा कशावर खर्च करायचा, हे ती ठरवू शकते.

गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावात याचा अर्थ जवळून पाहता येतो. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. तिथे बहुमताने निर्णय होत नाही; सगळ्यांची सहमती होईपर्यंत बोलणे चालू राहते. जयपाल सिंहांनी १९४६ मध्ये जी लोकशाहीची रीत म्हटली होती, ती मला या पद्धतीत दिसते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या जंगलातला बांबू गावाचा झाला, कारण या कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आहे. पण तो बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा आणि परवान्याचे पुस्तक वनविभागाच्या ताब्यात. हक्क गावाचा आणि शिक्का दुसऱ्याचा, अशी ही गत होती. ती मिटली एप्रिल २०११ मध्ये, जेव्हा तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. संविधानातल्या ओळखीचे मोजमाप मला विचाराल, तर ते या पुस्तकात आहे: बांबूच्या गाडीबरोबर जाणाऱ्या कागदावर कोणाची सही चालते.

पेसाचा कमकुवत दुवाही शब्दांतच आहे. गौण वनोपज, गावचा बाजार, सावकारी, दारूबंदी याबाबत ग्रामसभेला अधिकार आहेत. पण प्रकल्पासाठी जमीन संपादित करायची असेल तेव्हा कायदा ग्रामसभेशी किंवा योग्य स्तरावरील पंचायतीशी ‘विचारविनिमय’ करायला सांगतो. ‘संमती’ हा शब्द तिथे नाही. विचारविनिमयात ‘नाही’ म्हणता येते, पण त्या ‘नाही’ने काम थांबेलच असे नाही. ते थांबल्याचे सर्वांत ठळक उदाहरण ओडिशातले आहे. नियमगिरी डोंगरातल्या बॉक्साइटच्या खाणीबाबत एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की डोंगरिया कोंध आणि तिथल्या इतर वनवासी समाजांच्या धार्मिक आणि सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवावा. निवडलेल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली आणि ती झाली नाही. त्याआधी १९९७ मध्ये आंध्र प्रदेशातल्या एका खटल्यात याच न्यायालयाने अनुसूचित क्षेत्रातली जमीन खासगी कंपन्यांना खाणीसाठी भाड्याने देणे बेकायदा ठरवले होते. दोन्ही वेळा आधार एकच होता: ही माणसे अमुक प्रदेशाची आहेत, हे संविधानाने मान्य केले आहे.

मग भारत सरकार आदिवासींना ‘मूळनिवासी’ मानते का? आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर याचे उत्तर सावध आहे. सप्टेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी लोकांच्या हक्कांच्या जाहीरनाम्याला भारताने पाठिंब्याचे मत दिले, पण स्वातंत्र्याच्या वेळची भारताची सगळीच जनता इथली मूळची आहे, अशी भूमिकाही घेतली. त्यामागे एक विचार आहे: हजारो वर्षांच्या स्थलांतरांनी घडलेल्या देशात कोण आधी आले याचा हिशेब मांडत बसणे धोक्याचे आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये वेगळा सूर लावला. अहमदनगर जिल्ह्यातल्या (आताचे अहिल्यानगर) एका भिल्ल स्त्रीला मारहाण करून तिची गावात विवस्त्र धिंड काढल्याचे ते प्रकरण होते. आरोपींची शिक्षा कायम करताना न्यायालयाने लिहिले की आजच्या आदिवासींचे पूर्वज हे या भूमीचे आद्य रहिवासी होते, आणि एकलव्याच्या अंगठ्याची आठवण देऊन त्यांच्यावरच्या अन्यायाचा इतिहास किती जुना आहे तेही नोंदवले. हा निकाल फौजदारी अपिलातला होता, त्यामुळे त्यातून कोणाला नवा हक्क मिळाला नाही. तरी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो शब्द लिहिला, आणि तो एका महाराष्ट्रीय भिल्ल स्त्रीच्या निमित्ताने लिहिला, याची नोंद आपण ठेवायला हवी.

शेवटी पुन्हा नकाशाकडे येतो. महाराष्ट्रातले अनुसूचित क्षेत्र डिसेंबर १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरलेले आहे. ठाणे, पालघर, नाशिक, नंदुरबार, धुळे, जळगाव, अहिल्यानगर, पुणे, नांदेड, अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचे काही किंवा बहुतेक भाग त्यात येतात. रायगड त्यात नाही. रायगडात कर्जत, खालापूर, पेण, सुधागड या तालुक्यांत कातकऱ्यांच्या वाड्या आहेत आणि कातकरी ही केंद्र सरकारने विशेष असुरक्षित मानलेल्या महाराष्ट्रातल्या तीन जमातींपैकी एक आहे. उरलेल्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. यादीच्या वाटेने पाहिले तर रायगडचा कातकरी आणि जव्हारचा कातकरी अगदी सारखे आहेत. मुलाला शाळेत मिळणारी सवलत तीच आहे, आणि आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकण्यावर बंधन घालणारे जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ राज्यभर लागू आहे. नकाशाच्या वाटेने पाहिले तर जव्हारच्या पाड्याला पेसा आहे आणि रायगडच्या वाडीला नाही. तिला वनहक्क कायद्याचा दावा करता येतो. स्वतंत्र गाव म्हणून घोषित व्हायची वाट मात्र पेसा नियमांतून मिळत नाही.

हे बदलता येते का? पाचव्या अनुसूचीच्या सहाव्या परिच्छेदानुसार राष्ट्रपती राज्यपालांशी विचारविनिमय करून अनुसूचित क्षेत्र वाढवू शकतात; संविधान बदलावे लागत नाही. अडचण निकषांची आहे. एखादा भाग अनुसूचित करताना तिथे आदिवासींची संख्या प्रामुख्याने असावी, भाग सलग आणि पुरेशा आकाराचा असावा आणि कारभाराच्या दृष्टीने एक घटक म्हणून चालणारा असावा, असे पाहिले जाते. कातकरी वाडी तीस-चाळीस घरांची असते, मोठ्या गावाच्या कडेला किंवा माळावर, कित्येकदा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर. अशा वाड्या तालुकाभर विखुरलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये इतरांची गावे असतात. नकाशावर त्यांच्याभोवती एक सलग रेषा ओढता येत नाही. दिवाळीनंतर वाडीतली बहुतेक घरे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर गेलेली असतात आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या दिवशी वाडीत म्हातारी माणसे आणि बंद झापाचे दरवाजे तेवढे असतात. सभा मोठ्या गावातल्या शाळेत भरते, वाडीच्या पाण्याचा विषय पुकारला जातो आणि हात मोजले जातात.